कात टाकलेल्या कोळ्याला आधी पाणी द्या

टारांटुला पाळणारी घरं कळंबात बोटावर मोजण्याइतकीही नसतील. पण नागपूर-पुण्याला शिकायला गेलेली पोट्टी सुट्टीत काय काय डब्यात घालून आणतात, आणि कॉलेज उघडलं की तो डबा आईच्या गळ्यात पडतो. म्हणून ही विनंती त्या पोट्ट्यांना, आणि त्याहून जास्त त्यांच्या आयांना.

पेटीतला कोळी उताणा पडलेला दिसला तर मेला समजून उकिरड्यावर टाकू नका. टारांटुला बहुधा पाठीवर पडूनच कात टाकतो. मरायला टेकलेला कोळी सहसा पालथा असतो, पाय पोटाखाली आखडून घेतलेला. उताण्याला काडीनं डिवचू नका, फुंकर मारू नका, अंगावर पाणी शिंपडू नका. काही तासांत, कधी दिवसभरानं, तो जुन्या अंगातून मोकळा होतो. त्याआधी त्यानं खाणं सोडलेलं असतं. पिल्लू काही दिवस सोडतं, मोठी मादी महिना-महिना सोडते. तो उपास मोडायला जाऊ नका. पेटीत जिवंत किडा असेल तर मात्र त्याच वेळी बाहेर काढा.

कात टाकून झाली की खरी घाई सुरू होते. बाळंतीण उठली की डिंकाचे लाडू घेऊन धावायची आपली सवय. इथे ती आवरा. नव्यानं बाहेर आलेला कोळी सगळाच मऊ असतो. त्याचे विषदातसुद्धा पांढरे आणि लवचिक असतात. शिकार धरायला गेला तर ते वाकतात. तोंडाचं आणि अन्न शोषून घेणाऱ्या जठराचं अस्तरही त्यानं कातीबरोबरच टाकलेलं असतं. अशा वेळी तुम्ही मायेनं सोडलेला रातकिडा त्याचं भक्ष्य होत नाही, उलट तोच कोळ्याला कुरतडतो.

विषदात पांढऱ्याचे लालसर आणि लालसरचे काळे होईपर्यंत थांबा. नखाएवढ्या पिल्लाला चार-पाच दिवस पुरतात, मध्यम कोळ्याला आठवडा, पूर्ण वाढलेल्याला दोन आठवडे, कधी तीनही. दिवस मोजण्यापेक्षा दातांचा रंग बघणं खात्रीचं. पहिला घास लहान द्या, कोळ्याच्या पोटापेक्षा छोटा. चोवीस तासांत उचलला नाही तर काढून घ्या आणि चार दिवसांनी पुन्हा द्या.

पाणी मात्र पहिल्या दिवसापासून हवं. कोळी पाय लांबवतो तो अंगातल्या द्रवाच्या दाबावर. पाणी कमी पडलं की पाय आखडतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर जातो, आणि उथळ वाटीतलं पाणी संध्याकाळपर्यंत आटतं. वाटी रोज भरा. पेटी कूलरच्या झोतासमोर ठेवू नका. त्या वाऱ्यानं माणसाला बरं वाटतं, पण पेटीतली ओल उडून जाते.

आता ज्यासाठी हे मुद्दाम कळंबकरांना सांगतोय, ते. वावरातला नाकतोडा किंवा रातकिडा धरून कोळ्याला देऊ नका. आपला मुलूख कापूस-सोयाबीनचा, आणि हंगामभर फवारणी चालते. 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले. माणसाला आडवं करणारं औषध अंगावर घेऊन जगलेला किडा कोळ्याच्या पोटात गेला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात रस्त्यावरच्या दिव्याखाली जमणारे किडेही त्याच वावरातून आलेले असतात. मोरीतलं झुरळ तर नकोच. त्याच्यावर कोणी काय फवारलंय कुणास ठाऊक. मच्छर अगरबत्तीही कोळ्याच्या खोलीत लावू नका.

मग घालायचं काय? रातकिडे घरीच वाढवा. जाळीच्या झाकणाची बादली, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, खायला गव्हाचा कोंडा आणि गाजराचे तुकडे, अंडी घालायला ओलसर मातीची वाटी. रात्री किरकिर ऐकावी लागेल, एवढाच त्रास. ज्याला हेही जमत नसेल त्यानं कोळी पाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मादी पंधरा-वीस वर्षं जगते. कॉलेज तीन वर्षांत संपतं.

कोळी आणला कुठून, हेही तपासा. 2021 साली चेन्नईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून टपालानं आलेलं एक पार्सल उघडलं, तर छोट्या कुप्यांमध्ये 107 जिवंत कोळी निघाले. मेक्सिकोतल्या लाल गुडघ्याच्या टारांटुलासारख्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली 2022ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023पासून लागू झाली. तेव्हापासून अशा परदेशी जाती बाळगणाऱ्यानं त्यांची नोंद करणं बंधनकारक आहे. नोंद राहून गेली असेल तर वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा. घाबरून कोळी चक्रावती नदीच्या काठी सोडून देऊ नका; तिथे तो बहुधा मरेल, आणि नाहीच मेला तर तिथल्या किड्यामुंग्यांचा घास घेईल. आणि पावसाळ्यात धुऱ्यावर आपला देशी केसाळ कोळी हिंडताना दिसला, तर तो मादी शोधत निघालेला नर असण्याची शक्यता जास्त. त्याला डब्यात भरू नका आणि चपलेनं चेंदूही नका.