परभाषा आणि हातवारे

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात कडा नावाचे बाजाराचे गाव आहे. १९४८ सालापर्यंत हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानच्या राज्यकारभाराची भाषा उर्दू असे आणि वरच्या वर्गांतील शिक्षणही मुख्यत्वे उर्दूतूनच होई. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांना ती परकीच भाषा. परंतु ती शिकताना लिपी आणि शब्दांचे अर्थ एवढ्यावर भागत नसे. वडीलधाऱ्या माणसाला ‘आदाब’ म्हणावयाचे, तर किंचित पुढे झुकून उजव्या हाताचा तळवा आपल्याकडे करावा लागे आणि बोटे कपाळाजवळ न्यावी लागत. हात खालीच ठेवून नुसता शब्द उच्चारला, तर शब्द अचूक असूनही अभिवादन अपुरेच राही. जिभेबरोबर हातही उर्दू शिकत असे.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकवली जाते. त्या भाषेतील शब्द, शुद्धलेखन आणि काळ यांसाठी आपण किती कष्ट घेतो! मात्र ती भाषा बोलणाऱ्यांची मान, डोळे आणि हात काय बोलतात, याकडे आपण पाहतही नाही. ही उणीव मला मोठी वाटते.

भाषेत हावभाव किती खोल रुजलेले असतात, हे आपल्या मराठीकडे पाहिले तरी कळते. तोंडात बोट घालणे, कपाळावर हात मारणे, नाक मुरडणे, एखाद्याच्या नावाने बोटे मोडणे, हे सारे मुळात अंगविक्षेपच आहेत. एखाद्या परदेशी पाहुण्याला ‘बोट’ आणि ‘मोडणे’ हे दोन्ही शब्द ठाऊक असले, तरी कोपऱ्यात बसलेली आजीबाई शेजारणीच्या नावाने बोटे मोडते म्हणजे काय करते, हे त्याला पाहिल्यावाचून उमगणार नाही. उलट तो तिच्यासाठी वैद्य बोलावण्यास धावेल!

ऊसतोडणीच्या हंगामात या जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबे कर्नाटकातील साखर कारखान्यांवर जातात. कानडी येत नसले तरी आरंभी खुणांवर निभावते. ओंजळ तोंडाशी नेली की तहान कळते. पोटावर हात ठेवला की भूक कळते. शेजाऱ्यांच्या खुणा बऱ्याच अंशी सारख्याच असतात, आणि त्यामुळेच खुणा साऱ्या जगाच्या एकच आहेत, अशी आपली समजूत होऊन बसते. दूर देशी ही समजूत दगा देते.

अंगठ्याचेच पाहा. आपल्याकडे अंगठा दाखवणे म्हणजे ठेंगा दाखवणे, साफ नाकारणे. इंग्रज आणि अमेरिकन लोकांत उभा अंगठा ही शाबासकी ठरते. मोबाइलमुळे हा दुसरा अर्थ आता आपल्या मुलांनाही पाठ झाला आहे. इराणात मात्र हीच खूण परंपरेने अशिष्ट मानली जाते. आपण क्षमा मागताना कान धरतो; पोर्तुगालमध्ये जेवण फार चविष्ट झाले, हे सांगण्यासाठी कानाची पाळी धरतात. ‘मी’ म्हणताना आपला हात छातीकडे जातो, तर जपानी माणूस बोट आपल्या नाकाकडे नेतो. बल्गेरियात तर होकारासाठी मान आडवी हलवण्याची रीत आहे आणि नकारासाठी ती वरखाली करतात.

या गमतीच्या गोष्टी म्हणून सोडून देता आल्या असत्या. परंतु कड्यासारख्या गावातील एखादी हुशार मुलगी उद्या परिचारिका होऊन परदेशी गेली, अशी कल्पना करा. रुग्णाला औषध दिले का, असे डॉक्टरांनी विचारले आणि तिने आपल्या सवयीप्रमाणे मान नुसती एका बाजूस कलती केली. आपण तिला ‘हो’ म्हणतो. परक्या डॉक्टरला ती ‘नाही’ वाटली, तर औषध दोनदा दिले जाईल. शिवाय थोरांपुढे नजर खाली ठेवावी, ही आपल्याकडील शालीनता. इंग्रजी बोलणाऱ्या पुष्कळ समाजांत मात्र बोलताना डोळ्यांकडे न पाहणारा मनुष्य काही लपवीत असावा, असा संशय घेतात. व्याकरणाची चूक हसून सोडली जाते. येथे मात्र एका निरपराध मुलीच्या खरेपणाविषयीच शंका येते.

कोणी म्हणेल, ही परक्यांची नक्कल झाली. यात आपलेपण उरले कोठे? हा आक्षेप मला पटत नाही. कचेरीत आदाब करणारा मनुष्य घरी परतल्यावर ‘राम राम’ म्हणण्यास अडखळत नसे. तशीच ती परिचारिका रुग्णालयात डॉक्टरांच्या डोळ्यांत पाहून बोलेल आणि सुटीत घरी आल्यावर आजोबांपुढे नजर खाली ठेवील. शिवाय परक्याची प्रत्येक खूण आपण करावी, असे मुळीच नाही. ती ओळखता मात्र आली पाहिजे.

यासाठी वेगळे पुस्तक नको की वेगळी परीक्षा नको. परीक्षा तर नकोच! इंग्रजीच्या तासाला दोन मुलांचा संवाद पाठ करून घेतात, तेव्हा त्यांना बाकावरून उठवून समोरासमोर उभे करावे. भेटताना हात किती वेळ धरावा, बोलताना किती अंतर ठेवावे, ‘हो’ म्हणताना मान कशी हलवावी आणि तिच्याबरोबर तोंडाने ‘येस’ही कसे म्हणावे, हे करवून घ्यावे. पहिल्या दिवशी वर्ग खूप हसेल. गुरुजींनी तेवढे हसू द्यावे.