भंगारातल्या सेलवर हायब्रिड गाडी? पैसे वाचतील, पण कुठे वाचतील ते आधी बघा

येवला : हायब्रिड गाडीची मोठी बॅटरी बसली की शोरूमचा आकडा ऐकून मालकाच्या पोटात गोळा येतो. मग मोबाईलवर व्हिडिओ सापडतो. जुन्या लॅपटॉपचे किंवा अपघातातल्या गाडीचे सेल, एक स्पॉट वेल्डिंग मशीन, दिवसभराचं काम आणि बॅटरी तयार. खर्च कंपनीच्या मानाने किरकोळ. नाशिकला जायचं म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, तिथे गाडी सोडायची, परत यायचं. त्यापेक्षा गावातल्याच वायरमनकडून काम करून घेतलेलं काय वाईट, असं वाटणं साहजिक आहे.

आज हा प्रश्न मोजक्या लोकांचा वाटतो. फार दिवस तो तसा राहणार नाही. टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा या हायब्रिड गाड्या २०२२ मध्ये बाजारात आल्या. त्यांच्या हायब्रिड बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यातलं जे आधी होईल तोपर्यंत वॉरंटी असते. घरच्या वापरातल्या गाडीला ८ वर्षे मिळतील. पण येवला-शिर्डी-नाशिक अशी भाड्याने रोज २०० किलोमीटर पळणारी गाडी ८०० दिवसांत, म्हणजे सव्वादोन वर्षांच्या आतच ही हद्द ओलांडते. त्यात २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा आहे. तेव्हा पळालेल्या गाड्या पुढे सेकंडहँड बाजारात उतरतील आणि बॅटरीचा खर्च तिसऱ्या मालकाच्या गळ्यात पडेल.

आपली गाडी कुठल्या प्रकारची?

हायब्रिड हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. २०१८ पासूनच्या पेट्रोल एर्टिगाच्या 'स्मार्ट हायब्रिड'मध्ये नेहमीच्या बॅटरीसोबत १२ व्होल्टची छोटी लिथियम बॅटरी असते. ती इंजिनाला फक्त हातभार लावते. हायरायडर किंवा ग्रँड विटाराच्या 'स्ट्राँग हायब्रिड'मध्ये मात्र १७७.६ व्होल्टची बॅटरी असते आणि गाडी काही अंतर नुसत्या मोटरवर चालते. गाड्यांच्या नियमांत ६० व्होल्ट डीसीच्या वर गेलं की ते धोकादायक व्होल्टेज धरतात. ही बॅटरी त्याच्या जवळपास तिप्पट आहे. ट्रॅक्टरच्या बॅटरीला हात लावायची सवय असलेल्या माणसाने इथे त्याच सवयीने पाना घातला तर जीव जाऊ शकतो. गाडी बंद केली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटं करंट राहतो. नारिंगी रंगाच्या केबल त्यासाठीच असतात. त्यांना हात लावू नये.

जुगाड आला कुठून?

हे काम परदेशात बरीच वर्षे चालतं आणि ते अगदीच खोटं नाही. टोयोटाच्या जुन्या प्रियस गाडीत निकेल प्रकारची बॅटरी असायची. ७.२ व्होल्टचे २८ तुकडे एकापुढे एक जोडून २०१.६ व्होल्ट. त्यातला एखादा तुकडा कमजोर झाला की गाडी दिवा दाखवायची. लोकांनी प्रत्येक तुकडा मोजला, खराब तो काढला, भंगारातल्या गाडीचा बसवला. गाडी पुन्हा चालली.

पण किती दिवस? बैलगाडीला एक थकलेला आणि एक दमदार बैल जुंपला तर गाडी थकलेल्याच्याच चालीने जाते. बॅटरीतही सेल एकापुढे एक जोडलेले असतात, सगळ्यांतून करंट सारखाच जातो. जो कमजोर तो आधी रिकामा होतो, आधी तापतो, आधी मरतो. एक तुकडा बदलला की बाकीचे सत्तावीस जुनेच राहतात. काही महिन्यांत पुढचा बसतो. म्हणून परदेशातही जाणकार दुरुस्ती करणारे सगळे तुकडे अनेकदा चार्ज-डिस्चार्ज करून, क्षमता मोजून, सारखे सारखे निवडूनच जोडतात. व्हिडिओत वेल्डिंग दिसतं, ही निवड दिसत नाही.

लिथियमची गोष्ट अजून कडक आहे. लॅपटॉपमधला '१८६५०' सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. तो सावकाश, तासन् तास वीज द्यायला बनवलेला. हायब्रिड गाडीची बॅटरी आकाराने लहान, हायरायडरची तर एक युनिटही नाही, ०.७६ युनिटची. पण गाडी उचलताना काही सेकंदांत मोठा करंट द्यायचा आणि ब्रेक दाबला की तितक्याच झटक्यात परत घ्यायचा, हे तिचं काम. म्हणजे इथे सेलमध्ये साठा किती यापेक्षा झटका किती सोसतो हे महत्त्वाचं. मल्टीमीटरवर व्होल्टेज बरोबर आलं म्हणून सेल चांगला, असं म्हणता येत नाही. त्यात सेल ४.२ व्होल्टच्या वर भरला किंवा आतून शॉर्ट झाला की तो स्वतःच तापत जातो. शेजारचाही पेटवतो. ही आग विझली असं वाटलं तरी पुन्हा भडकते आणि तिचा धूर विषारी असतो.

कारखान्यातल्या बॅटऱ्याही पेटल्या आहेत

हे दुरून ऐकलेलं नाही. २६ मार्च २०२२ ला पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी इलेक्ट्रिक स्कूटर पेटली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ९ एप्रिलला, नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ कंटेनरमधल्या ४० पैकी २० नव्या स्कूटर जळाल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. यानंतर केंद्राने इलेक्ट्रिक दुचाकी-तीनचाकींच्या बॅटरीचे नियम कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. सेलची तपासणी, एक सेल पेटला तरी आग पसरू नये अशी रचना, प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारा बीएमएस, सगळं त्यात आलं.

कंपन्यांना एवढं करावं लागतं, मग पत्र्याच्या शेडमध्ये टेप गुंडाळून बनवलेल्या बॅटरीला कोण तपासणार? आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो. बंद गाडीत तर त्याहून जास्त. आणि गाडी जळाली तर विमा कंपनी पहिलं हेच विचारणार की बॅटरी कोणी बदलली. बिल नसेल तर क्लेम अडकलाच समजा.

चूक फक्त जुगाड करणाऱ्याची आहे का?

नाही. बॅटरीतला एखादा तुकडा खराब झाला तरी पूर्ण पॅकच बदलायला सांगितलं, तर माणूस दुसरा रस्ता शोधणारच. कायद्यात तो रस्ता आहे, फक्त तालुक्यापर्यंत आलेला नाही. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी गोळा करून रिसायकल किंवा दुरुस्त करून घेण्याची जबाबदारी उत्पादक कंपनीवर आहे. बॅटरी दुरुस्त करून पुन्हा विकणाऱ्याने प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करायची आहे. म्हणजे जुन्या बॅटरीला दुसरं आयुष्य देणं बेकायदा नाही. नोंदणी आणि तपासणीशिवाय देणं चुकीचं आहे. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये 'राईट टू रिपेअर' पोर्टलही सुरू केलं. त्यात गाड्या आहेत आणि शेतीची अवजारंही आहेत.

मग करायचं काय?

दिवा लागला म्हणजे बॅटरी मेली असं धरू नका. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा घेणारी जाळी असते. धूळ आणि कांद्याच्या पातीने ती बुजली की बॅटरी तापते. ती आधी साफ करा. नेहमीची १२ व्होल्टची बॅटरी कमजोर असली तरी खोटे दिवे लागतात, तीही तपासा.

सेकंडहँड हायब्रिड घेताना बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट स्कॅनरवर काढून मागा आणि वॉरंटीचे किती किलोमीटर उरले ते सर्व्हिस रेकॉर्डवरून बघा. बॅटरी आधी उघडलेली असेल तर सौदा सोडा.

वॉरंटीत असूनही कोणी टाळाटाळ केली तर लेखी नकार मागा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करा. दुरुस्त केलेली बॅटरी घ्यायचीच तर नोंदणी असलेल्याकडून घ्या, पक्कं बिल आणि लेखी गॅरंटी घेऊनच.

हात साफ करायची हौस असेल तर फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर करा. तिथे ३.२ व्होल्टचे चार एलएफपी सेल लागतात, नवे आणि एकाच लॉटचे घ्या, बीएमएस लावा आणि चार्जिंग घराबाहेर, डोळ्यांसमोर करा. वाचलेले पैसे तिथे खरोखर वाचतात.

मोठ्या गाडीसाठी मात्र येवल्यासारख्या तालुक्याच्या गावी नोंदणीकृत बॅटरी दुरुस्ती केंद्र हवं, जिथे सेल मोजून मिळेल आणि खराब तेवढाच भाग बदलता येईल. आयटीआयची मुलं हे शिकू शकतात. कंपन्या आणि सरकार दोघांकडे ही मागणी आत्ताच करायला हवी, पहिली गाडी पेटल्यावर नाही.