चष्मा फुटला, आता पत्र कोण वाचणार?

आपल्या हॉस्टेलवर कलाकारांना तोटा नाही. गॅदरिंगच्या नाटकात काम करायला अख्खी विंग तयार असते. पण 'दिग्दर्शन कोण करणार?' असं विचारलं की प्रत्येकाला सबमिशन आठवतं! म्हणूनच सना अकरूद या मोरोक्कन अभिनेत्रीबद्दल लिहावंसं वाटलं.

ही बाई राजधानी रबातच्या सरकारी नाट्यसंस्थेत रीतसर शिकली. टीव्हीमुळे तिचा चेहरा तिकडे घराघरांत पोचला. यूस्री नसरल्लाह या नामवंत इजिप्शियन दिग्दर्शकाच्या २००९ मधल्या 'एहकी या शहराजाद' मध्येही ती होती. म्हणजे सगळं छान चाललं होतं. तरीही ती कॅमेऱ्यामागे गेली. 'मायोपिया' हा तिचा २०२० मधला सिनेमा. दिग्दर्शन तिचं आणि मुख्य भूमिकाही तिचीच.

डोंगरातलं एक आडगाव. बाप्ये पोटासाठी बाहेर गेलेले. त्यांची पत्रं वाचून दाखवणारा गावात एकच म्हातारा, आणि नेमका त्याचाच चष्मा फुटतो. मग फातेम ही गरोदर बाई तो चष्मा घेऊन शहराकडे निघते आणि तिथे मोर्चाच्या गर्दीत सापडते.

तुम्ही म्हणाल, स्वतःच डायरेक्टर, स्वतःच हिरोईन, हौस आहे झालं! मला तसं वाटत नाही. नटीच्या वाट्याला दुसऱ्याने लिहिलेलं काम येतं. फुटका चष्मा घेऊन निघालेली पोटुशी बाई कोण कशाला लिहील? मोरोक्कोत फरीदा बेनलियाझिद आधी पटकथा लिहायची. १९८८ साली तिने स्वतः सिनेमा दिग्दर्शित केला. आपल्याला जी गोष्ट सांगायची आहे तिची जबाबदारीही आपणच घ्यायची, ही वाट तिथल्या बायकांनी आधीच पाडलेली आहे.

आता जरा माझ्याबद्दल. गेल्या सेमला मेसमधल्या मावशी बँकेचं पत्र घेऊन आल्या होत्या. "बाळा, एवढं वाचून दे रे." दुसऱ्या दिवशी माझी व्हायवा होती. "मावशी, नंतर बघू," म्हणालो आणि विसरून गेलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. सिनेमा बघताना एकदम आठवलं. त्या म्हाताऱ्याचा चष्मा तरी फुटला होता, माझा तर धड होता! दुसऱ्याच दिवशी पत्र मागून घेतलं आणि वाचलं. कागद द्यायची मुदत केव्हाच टळून गेली होती. मावशी म्हणाल्या, "असू दे रे, तुझी परीक्षा होती ना." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

फिल्म क्लबवाल्यांनो, दर शनिवारी मारामारीचे सिनेमे पुरे झाले. एकदा 'मायोपिया' लावा. मेसच्या मावशींनाही बोलवा, पुढच्या रांगेत बसवा. सबटायटल मी मराठीत मोठ्याने वाचून दाखवीन.