प्रश्न उद्भवतोच

विरोधी पक्षनेता लोकसभेत उभा राहिला आणि सरकारला दोन बोचरे प्रश्न विचारून खाली बसला, की त्याच संध्याकाळी ठरलेली वाक्ये कानावर येतात. लोकांनी कौल दिलाय, पाच वर्षे काम करू द्या. स्वतः सत्तेत होता तेव्हा काय दिवे लावले? प्रश्न विचारून होते काय, सरकार थोडेच पडते? आणि एवढे कळते तर उपाय सांगा ना! ही वाक्ये कोणा एका पक्षाच्या मालकीची नाहीत. २०१४ पर्यंत ती एका बाकावरून ऐकू येत, नंतर समोरच्या. मुंबईच्या विधान भवनात तर ती बोलणारी आणि ऐकून घेणारी माणसे २०१९ ते २०२२ या तीन वर्षांत दोनदा आपापली जागा बदलून बसलेली आपण पाहिली. म्हणून पक्षांची नावे बाजूला ठेवून ती तपासलेली बरी.

कौलाचा आक्षेप सर्वांत भारदस्त, म्हणून तो आधी. त्याचे उत्तर घटना लागू होण्यापूर्वीच देऊन झाले आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेची अध्यक्षीय आणि इंग्लंडची संसदीय अशा दोन पद्धती शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. एकीत स्थैर्य जास्त, दुसरीत जबाबदारी जास्त. दोन्ही सारख्याच मापाने देणारी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही, आणि मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले आहे, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. संसदीय पद्धतीत सरकारचा हिशेब दोनदा होतो. मतदार ठरावीक काळाने करतात तो एक, आणि सभागृहात प्रश्न, ठराव, स्थगन आणि अविश्वासाचे प्रस्ताव यांतून रोज होतो तो दुसरा. यांतला रोजचा हिशेब अधिक परिणामकारक आणि भारतासारख्या देशात अधिक गरजेचा, हे मतही त्याच भाषणातले. तेव्हा ‘कौल मिळालाय, आता पाच वर्षांनी बोला’ म्हणणाऱ्याला घटनेतला एकच हिशेब मान्य आहे, आणि तोही ज्यात तो नुकताच उत्तीर्ण झालाय तेवढाच.

‘प्रश्नाने सरकार पडत नाही’ हे मात्र बहुतेक वेळा खरेच असते. १९६३ च्या ऑगस्टचे उदाहरण घ्या. चीनकडून झालेल्या पराभवाला वर्षही उलटले नव्हते. त्या उन्हाळ्यातल्या पोटनिवडणुकांत आचार्य कृपलानी अमरोह्यातून, मिनू मसानी राजकोटमधून आणि राममनोहर लोहिया फर्रुखाबादमधून निवडून आले होते. लोकसभेतला पहिला अविश्वास प्रस्ताव कृपलानींनी मांडला. चार दिवस चर्चा झाली. बाजूने ६२ मते, विरोधात ३४७. बेरजेच्या हिशेबाने हा वेळेचा अपव्ययच.

पण त्या चर्चेतून आज काय शिल्लक आहे? लोहियांनी सांगितले, की या देशातले सत्तावीस कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात, आणि पंतप्रधानांवर रोज पंचवीस हजार रुपये खर्च होतात. नेहरूंनी तीन आण्यांचा आकडा नाकारून पंधरा आण्यांचा सांगितला. तो खोटा नव्हता. देशाच्या उत्पन्नाला लोकसंख्येने भागले की तेवढाच येत होता. लोहिया मात्र सरासरीबद्दल बोलतच नव्हते. ते तळच्या साठ टक्क्यांबद्दल विचारत होते. गिरणीमालक आणि गिरणीत झाडू मारणारा यांची सरासरी काढून झाडूवाल्याला सुखवस्तू ठरवता येते, एवढाच त्यांचा मुद्दा. तो लावून धरला गेला आणि सप्टेंबरात याच विषयावर स्वतंत्र चर्चा घ्यावी लागली. तिथे नियोजनमंत्री गुलझारीलाल नंदा साडेसात आण्यांवर आले. दोन आठवड्यांत सरकारचा आकडा निम्म्यावर! लोहियांचे तीन आणेही तंतोतंत होते असे माझे म्हणणे नाही. त्यांना वक्तृत्वाचा मोह होताच. पण त्यांच्या चुकीच्या आकड्याने सरकारला त्याचा बरोबर आकडा सांगायला लावले असेल, तर प्रश्नाने आपले काम केले.

उत्पन्नाच्या वाटपाचा अभ्यास करणारी महालनोबिस समिती १९६० पासून बसलेली होती. पुढे १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी गरिबीचे मोजमाप मांडले. ही सगळी लोहियांची पुण्याई म्हणणे म्हणजे बाता. अभ्यास अभ्यासाच्या गतीने चालतो. मंत्र्याला उभे करून ‘तळाच्या माणसाचे किती, ते सांगा’ असे अभ्यासक विचारू शकत नाही, खासदार विचारू शकतो. फरक इतकाच आणि तो लहान नाही.

उत्तर टाळले तरी प्रश्न वाया जात नाही, याचा ताजा दाखला सप्टेंबर २०२० चा. ८ मे रोजी आपल्याच तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर निजलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली होती. चार महिन्यांनी संसद भरली. टाळेबंदीत गावी परतताना किती मजूर दगावले, असे लोकसभेत विचारले गेले. श्रम मंत्रालयाचे लेखी उत्तर आले, की अशी आकडेवारी ठेवलेली नाही. त्यांच्या कुटुंबांना भरपाई दिली का? वरील उत्तर पाहता प्रश्न उद्भवत नाही. कोविडचे कारण देऊन त्या अधिवेशनातून प्रश्नोत्तराचा तासच वगळला होता. त्यामुळे ‘का ठेवली नाही?’ हा साधा पूरक प्रश्न उभे राहून विचारायची सोय कोणालाच नव्हती. मात्र त्याच आठवड्यात राज्यसभेत रेल्वे खात्याला निराळा प्रश्न गेला आणि उत्तर आले, की श्रमिक विशेष गाड्यांत ९ सप्टेंबरपर्यंत ९७ जण दगावले. एका खात्याकडे नसलेली नोंद दुसऱ्या खात्याकडे निघाली. ही विसंगती कोणा पत्रकाराच्या कानगोष्टीत राहिलेली नाही, ती संसदेच्या कागदांवर आहे. सरकारला स्वतःच्या सहीने बोलते करणे, यापलीकडे विरोधी नेत्याच्या हाती फारसे काही नसते, आणि तेवढे पुष्कळ असते.

आता गोंधळाचा आक्षेप: विरोधक सभागृहच चालू देत नाहीत. या आक्षेपापुढे विरोधकांची बाजू लंगडी पडते आणि ते कबूल करायला हवे. २०१० चे हिवाळी अधिवेशन टूजीवरून भाजपने जवळजवळ पूर्ण वाहून जाऊ दिले. २०२१ चे पावसाळी अधिवेशन पेगाससवरून काँग्रेस आणि मित्रपक्षांनी रोखून धरले. दोघांच्याही तोंडी समर्थन एकच, सरकार चर्चाच देत नाही तर काय करणार! सरकारे चर्चा टाळतात हे खरे. पण वेलमध्ये उतरलेल्या खासदाराला कामकाजाचा नियम ठाऊक असतोच. लोकसभेत दिवसाला वीस तारांकित प्रश्न असतात, त्यांतले पाच-सहा जेमतेम तोंडी उत्तरापर्यंत पोचतात. तास गोंधळात बुडाला, की सगळी उत्तरे मुकाट्याने पटलावर ठेवली जातात आणि मंत्री पूरक प्रश्नांतून सुटतो. लेखी उत्तर सचिव तयार करतो. पूरक प्रश्नाला मंत्र्याला स्वतःच्या डोक्याने उत्तर द्यावे लागते. तयारी नसलेल्या मंत्र्याला गोंधळाइतका दुसरा मित्र नाही. पुण्यात जन्मून बिहारच्या मुंगेर-बांक्यातून निवडून येणाऱ्या मधु लिमयांनी नियमांच्या पुस्तकालाच हत्यार केले, त्याचे कारण हेच.

‘प्रश्न विकतही घेतले जातात’ हेही ऐकवले जाते. जातात. पैसे घेऊन प्रश्न विचारायला तयार झालेल्या अकरा खासदारांना डिसेंबर २००५ मध्ये संसदेने घरी पाठवले. त्यावरून प्रश्न निरुपयोगी ठरतो म्हणे! ज्याची कवडीही किंमत नाही, त्याला पैसे कोण मोजेल?

‘उपाय सांगा’ याला फार शब्द खर्चायची गरज नाही. खाते, सचिव, तिजोरी आणि फायली ज्याच्याकडे, उपायाची जबाबदारी त्याच्याकडे.

राहिला मुद्दा पदाचा. संख्याच नाही तर नेता कसला, असा युक्तिवाद हल्ली जोरात आहे. लोकसभेत २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षे हे पद रिकामे होते, कारण काँग्रेसचे आधी ४४ आणि मग ५२ खासदार, आणि दहा टक्क्यांसाठी ५५ हवेत. वास्तविक १९७७ च्या वेतन व भत्त्यांच्या कायद्यात दहा टक्के हा शब्द नाही. विरोधातला सर्वांत मोठा आणि अध्यक्षांनी मान्यता दिलेला पक्ष, एवढेच त्यात आहे. टक्क्यांचा दंडक पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्या काळातला, पक्षाला सभागृहात पक्ष म्हणून मान्यता देण्यासाठीचा. पद रिकामे राहिल्याची झळ केवळ मानपानाला बसत नाही. लोकपालाच्या निवड समितीत विरोधी पक्षनेता हवा, आणि तो नाही ही सबब वर्षानुवर्षे चालली. २०१३ च्या कायद्याचा पहिला लोकपाल २०१९ मध्ये आला. आणि हे पद काय करू शकते, ते महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. जुलै १९७९ मध्ये विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाणांनी अविश्वास प्रस्ताव मांडला आणि मतदानाची वेळ येण्याआधीच मोरारजी देसाईंनी राजीनामा दिला.

मन मोठे असेल तर संख्या आड येत नाही. २०१५ मध्ये दिल्ली विधानसभेच्या ७० पैकी ६७ जागा आम आदमी पक्षाकडे होत्या, भाजपकडे तीन. त्या तिघांतल्या एकाला विरोधी पक्षनेतेपद मिळाले. महाराष्ट्रात २०२४ च्या निकालानंतर २८८ च्या सभागृहात विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाकडे २० आमदार आहेत.

आपल्या विधिमंडळात तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. त्याच साच्यात विचारायचे तर: (१) विधानसभेचे विरोधी पक्षनेतेपद नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीनंतर, तर विधान परिषदेचे ऑगस्ट २०२५ नंतर भरले गेले नाही आणि डिसेंबर २०२५ चे नागपूर अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्याविना पार पडले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, महाराष्ट्राच्या १९७८ च्या कायद्यानुसार कोणती कार्यवाही करण्यात आली, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?