पाळीवरून रोज जाणाऱ्या बायका



रोवणी आटोपत आली होती तेव्हाची गोष्ट. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात बायकांच्या बैठकीला गेले होते. विषय होता ग्रामसभेचा. बैठक संपली, बायका पांगल्या, तेव्हा मागे रेंगाळलेली एक बाई म्हणाली, "ताई, तलावावर येता का थोड्या? तुम्हाला एक दाखवायचं आहे."

तलाव मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी. मातीची लांबलचक पाळ, एका बाजूला काठोकाठ पाणी, दुसऱ्या बाजूला हिरव्यागार धानाच्या बांध्या आणि त्यांच्याही अलीकडे वीस-पंचवीस घरं. पाळीच्या पायथ्याशी अंगणाएवढी जागा ओलीचिंब होती. मधून बोटभर धार येत होती. ती वाकली, ओंजळीत पाणी घेऊन माझ्यापुढे धरलं. "मागच्या साली साफ पाणी येत होतं. औंदा गढूळ येते. माती जाते ना ताई आतली."

हे तिनं घरी सांगितलं होतं. तपासणीला आलेल्या माणसालाही सांगितलं होतं. तो म्हणाला होता, मातीची पाळ आहे, थोडं पाझरणारच. मग त्यानं विचारलं, "तलावाखाली तुमची जमीन आहे का?" ती म्हणाली, "जमीन नाही, घर आहे." त्यानं वहीत काही लिहिलं नाही.

त्या दिवसापासून हा प्रश्न डोक्यातून गेलेला नाही. म्हणून या अंकात तलावाविषयी लिहिते आहे. काहींना वाटेल, धरण-तलाव हा इंजिनियर लोकांचा विषय, स्त्री-चळवळीचं त्यात काय काम? मलाही आधी तसंच वाटत होतं.

मातीची पाळ पाझरते हे खरंच आहे. पण स्वच्छ पाझर आणि गढूळ पाझर यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. स्वच्छ पाणी नुसतं वाट काढतं. गढूळ पाणी मात्र पाळीची माती कणाकणानं सोबत नेतं. आत पोकळ नळी तयार होते, ती मोठी होत जाते, आणि एखाद्या पावसाळी रात्री पाळ बसते. खेकड्यांची आणि घुशींची बिळं, मेलेल्या झाडाची कुजलेली मुळं ही या नळीची सुरुवात असू शकते. दुसरा धोका पाणी पाळीवरून वाहण्याचा. जादा पाणी निघून जावं म्हणून तलावाला सलंग, म्हणजे सांडवा असतो. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून कुणी त्यावर जाळी-काट्या लावतं, जास्त पाणी साठावं म्हणून कुणी दगड रचतं. पाण्याला वाट उरली नाही की ते पाळीवर चढतं, आणि मातीची पाळ वरून वाहणाऱ्या पाण्यापुढे फार वेळ टिकत नाही.

ही सारी लक्षणं साध्या डोळ्यांना दिसतात. अट एकच, रोज पाहणारं कुणीतरी हवं. धुणं घेऊन, गुरं घेऊन, सरपणाचा भारा घेऊन पाळीवरून रोज कोण जातं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

पूर्वी हे तलाव बेवारस नव्हते. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं ते बांधले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात मिळून सहा हजारांच्या वर. नवेगावबांध त्यातलाच. मालगुजाराच्या देखरेखीखाली गावानं माती टाकायची, गाळ काढायचा, सलंग मोकळी ठेवायची. त्या व्यवस्थेचे गोडवे मी गाणार नाही. मालगुजाराच्या राज्यात राबणूक कुणाची होती, ते आपल्याला ठाऊक आहे. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी संपली, ते योग्यच झालं. तलाव सरकारचे झाले, आणि पुढे त्यांतले बहुतेक जिल्हा परिषदेकडे आले. मालक बदलला, पण रोज पाळीकडे बघायचं काम कुणाचं, हे ठरलंच नाही. तलाव गाळानं भरले, बेशरम माजली, पोटात अतिक्रमणं झाली.

आणि कायदा? संसदेनं 2021 साली धरण सुरक्षा कायदा केला. तो लागू होतो 15 मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि 10 ते 15 मीटरमधल्या, ठरावीक अटींत बसणाऱ्या धरणांना. आपल्या मामा तलावांच्या पाळी बहुतेक त्याहून बुटक्या. म्हणजे त्या या कायद्याच्या नजरेतच येत नाहीत. पण पाळ बुटकी असली तरी तिच्याखालचं घर वाहून जायला तेवढं पाणी पुरतं.

तिवरे आठवा. 2 जुलै 2019 च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातलं हे मातीचं धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसं पाण्यात गेली. गळतीच्या तक्रारी गावानं आधीच केल्या होत्या. नंतर राज्याच्या जलसंधारण मंत्र्यांनी सांगितलं, खेकड्यांनी धरण पोखरलं. लोक संतापले, निषेध झाले. खेकडा बीळ करतो, यात खोटं काही नाही. पण तो ते एका रात्रीत करत नाही. तक्रार येते तेव्हा कुणी जाऊन पाहिलं, काय लिहिलं, पुढे काय केलं, याचं उत्तर खेकडा कसं देणार?

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. "तुमची जमीन आहे का?" पाण्याच्या व्यवहारात बाईला पहिल्यांदा अडवणारा प्रश्न हाच. 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यानं पाणीवापर संस्था आल्या, पण सभासदत्व लाभक्षेत्रातल्या जमिनीशी बांधलेलं. महाराष्ट्रानं 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला, त्याआधी शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीनं बायकोच्या नावे जमीन करण्याची हाक दिली. तरी आजही किती सातबाऱ्यांवर बाईचं नाव आहे, ते आपापल्या गावात मोजून पाहा. मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेला, आणि तिच्या सभासद-यादीत ढिवर बायका थोड्या. मासे डोक्यावर घेऊन गावोगाव विकणारी तीच, आणि यादीत मात्र नवरा. ज्यांना ना जमीन ना ठेका, त्यांचा तलावाशी संबंधच नाही असं कागद म्हणतो.

असंच असावं लागतं, असं मात्र नाही. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीनं पाणी जमिनीच्या हिशेबानं न देता माणशी दिलं, भूमिहीनांनाही हक्क दिला. सांगली जिल्ह्यात लोकांनी बांधलेल्या बळीराजा धरणाच्या लढ्यानंही तीच मागणी पुढे आणली. आणि अर्जुनी मोरगावातच मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासोबत ढिवर बायकांनी तलावातली बेशरम उपटली, पाणवनस्पती पुन्हा लावल्या. मासे परत आले, पाखरं परत आली. तलावाचं ज्ञान कुणाकडे आहे, याचा आणखी पुरावा काय हवा?

पण इथेच सावध राहायला हवं. बायकांना हे कळतं म्हटलं की दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघतं : बचत गटांनी पाळीवर देखरेख ठेवावी, श्रमदान करावं. निर्णय पुरुषांच्या समितीत, निधी कार्यालयात, आणि जबाबदारी बायकांच्या डोक्यावर. पाणी, इंधन, पोषण, स्वच्छता, सगळीकडे आपण हे भोगलं आहे. उद्या पाळ फुटली तर "गटाच्या बायकांनी पाहिलं नाही" असंही म्हणतील. म्हणून फुकटच्या पहाऱ्याला माझा विरोध आहे. पाहणीचं काम हे काम आहे. त्याला मोबदला हवा, आणि पाहणाऱ्या बाईला समितीत मतही हवं.

मग मागायचं काय? पाळीखाली राहणारं प्रत्येक घर, जमीन असो वा नसो, तलावाच्या निर्णयात भागीदार मानलं जावं. ग्रामपंचायतीत प्रत्येक तलावाची एक वही असावी. पाझर कुठे, साफ की गढूळ, पाळीला भेग कुठे, सलंग मोकळी आहे का, पाणी सोडायचं तुडूम चालतं का, हे तारखेसह त्यात लिहिलं जावं, आणि सांगणाऱ्या बाईचं नावही. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल महिला ग्रामसभेत मराठीत वाचला जावा. धोका दिसला तर पाणी कुणी उतरवायचं, भोंगा कुणी वाजवायचा, म्हाताऱ्या माणसांना आणि बाळंतिणींना कुठे न्यायचं, हे आधी ठरलेलं असावं. पाणी उतरवलं तर धानाचं नुकसान होईल, तेव्हा शेतकरी अडून बसेल. त्याची भरपाईही आधीच ठरवा, नाहीतर रात्री पाळीवर भांडण होईल आणि पाणी थांबणार नाही.

यात मोठं तंत्रज्ञान नाही. खर्च आहे, पण भेंदवाडीनं मोजलेल्या किमतीपुढे तो काहीच नाही.

त्या गावात आम्ही अर्ज लिहिला. सात जणींच्या सह्या आणि अंगठे. पहिलं नाव तिचं. नावापुढे तिनं स्वतः सांगून लिहून घेतलं : "जमीन नाही, घर आहे." अर्जाची पोच मिळाली आहे. माणूस अजून आलेला नाही. आता दर आठवड्याला दोघी-दोघी जाऊन पाणी पाहतात आणि शंभर पानी वहीत तारीख घालून लिहून ठेवतात. एकदा ती वही घेऊन त्या ग्रामसभेत उभ्या राहिल्या, तेव्हा हसणारे थोडे होते, वही मागून घेऊन वाचणारे जास्त.

तुमच्या गावच्या पाळीवर एकदा जाऊन या. पायथ्याशी पाणी दिसलं तर ओंजळीत घेऊन बघा. काय दिसलं, कुणाला सांगितलं, कुणी काय उत्तर दिलं, ते आम्हाला जरूर लिहा. पुढच्या अंकात त्या पत्रांसाठी जागा राखून ठेवते आहे.

— संपादक