संगणक घेण्यापूर्वीं

मासळीचा कल्ला उचलून पाहिल्यावांचून पैसे न मोजणारीं आमचीं वसईचीं माणसें संगणकाचें खोकें मात्र न उघडतांच घरीं आणतात! आंतील भाग कोणत्या बनावटीचे, हें कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें खरा प्रश्न तोच होय.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा संपला. विंडोज ११ जुन्या प्रोसेसरांस स्वीकारीत नाहीं. म्हणून धडधाकट यंत्रें भंगारांत जावीं काय? १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स ह्या हेलसिंकीच्या विद्यार्थ्यानें आरंभिलेल्या लिनक्सवर त्यांतील पुष्कळ सुखानें चालतात, आणि मोल कांहींच पडत नाहीं. मेख आहे ती वाय-फायच्या चिपमध्यें. इंटेलची चिप बहुधा विनातक्रार चालते; ब्रॉडकॉमच्या कांहीं अद्याप छळतात, कारण त्यांचे ड्रायव्हर खुले नाहींत. २०२३ सालीं डेबियननें अशा भागांस लागणारें बंदिस्त फर्मवेअरही आपल्या संचांत घातलें. कट्टर मंडळींस तें रुचलें नाहीं, आम्हांस रुचलें.

पालकवर्गास आमची विनंति एवढीच, कीं लिनक्स भरलेल्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करवून पाहावें. जुनें असल्यास घरीं, नवें असल्यास दुकानांत, पैसे मोजण्यापूर्वीं. डिस्कवरील मजकुरास त्यानें धक्का लागत नाहीं. वाय-फाय, ध्वनि, कॅमेरा तपासावा. झांकण मिटून उघडल्यावर यंत्र जागें होतें कीं नाहीं, हेंही पाहावें. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरूं द्यावें.