ताकदीआधी जाणीव

जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुइयाँ-बारे सिंड्रोमचा उद्रेक झाला, तेव्हा तिथल्या फिजिओथेरपिस्टांच्या हाताखाली ग्रेड एक-दोनचे अनेक पाय एकदम आले. अशा रुग्णाला आपण सहसा पॅसिव्ह मूव्हमेंट देतो आणि ‘जोर लावा’ म्हणतो. पण आपला पाय नेमका कुठे आहे हेच ज्याला नीट कळत नाही, त्याने जोर लावायचा कुठे?

सांध्या-स्नायूंच्या जाणिवेतून हालचाल जागवण्याचा विचार जुना आहे. हर्मन कबाट आणि मार्गारेट नॉट यांनी १९४०च्या दशकात पीएनएफची (प्रोप्रिओसेप्टिव्ह न्यूरोमस्क्युलर फॅसिलिटेशन) उभारणी केली ती त्यावरच. मात्र त्यातली सगळी तंत्रे प्रत्येक रुग्णाला सरसकट लावणे मला चुकीचे वाटते. स्नायूला झटकन ताण देऊन आकुंचन मिळवायचे, तर रिफ्लेक्सची वाट शाबूत हवी. गुइयाँ-बारेमध्ये बहुधा तीच गेलेली असते. मग वारंवार झटके देऊन काय साधणार?

म्हणून आधी तपासा. डोळे मिटायला सांगून पायाचा अंगठा दोन्ही बाजूंनी धरा; वरखाली धरला तर बोटांच्या दाबावरूनच रुग्ण दिशा ओळखतो. थोडासा हलवून ‘वर की खाली?’ विचारा. काही रुग्णांत फक्त मोटर तंतू बाधित असतात आणि जाणीव शाबूत असते. तिथे ती पुरेपूर वापरा. कुशीवर निजवून गुरुत्वाचा भार काढा, गुडघा हळू सरळ करा, रुग्णाचे लक्ष मांडीवर आणा आणि मगच म्हणा, “काका, आता पाय तुमच्या ताब्यात. असाच धरा.” आधार एकदम काढू नका, बोटाबोटाने सैल करा. स्नायू क्षणभर फुरफुरला तरी ते त्याला सांगा, कारण पुढचा प्रयत्न कुठून करायचा हे त्याला तेव्हाच कळते. जाणीवही गेली असेल, तर डोळे उघडे ठेवून पायाकडे पाहू द्या; आरसा लावा.

मोजकीच आवर्तने, मध्ये भरपूर विश्रांती. सकाळी जमलेली हालचाल संध्याकाळी नाहीशी झाली, तर व्यायाम जास्त झाला असे समजा. दुबळा स्नायू थकवून बळकट होत नाही.

केसपेपरवर स्नायूचा ग्रेड आपण न चुकता लिहितो. त्याच्या शेजारी स्थितिसंवेदनेची नोंदही दर आठवड्याला करावी, ही सर्व वाचकांना विनंती.